तुमचं घर जातंय का?

रस्ता माझ्या घरावरून जात नाही. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणाऱ्या सागरी किनारा मार्गाला माझा विरोध आहे हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमचं घर जातंय का?" नाही म्हटलं की चेहरा बदलतो. घर जात असतं तर माझी तक्रार समजण्यासारखी ठरली असती. किंमत ठरली असती, विषय मिटला असता. घर जात नसताना बोलणारी बाई म्हणजे रिकामटेकडी, नाहीतर कुणीतरी पुढे केलेली. चारकोपच्या नाक्यावर दोन्ही ऐकून झालं आहे.

मी कांदिवली पश्चिमेला चारकोपमध्ये राहते. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने १९८०च्या दशकात इथे छोटे छोटे प्लॉट आखून दिले आणि लोकांनी ऐपतीप्रमाणे त्यावर घरं उभी केली. मधे चौक, चौकाभोवती घरं, अशी एकेक सोसायटी. कुणी पत्रे घालून राहायला आलं, कुणी दागिने मोडून स्लॅब टाकला. आमच्या सेक्टरातून पश्चिमेकडे चालत गेलं की वस्ती संपते आणि तिवरं, म्हणजे खाडीकाठची कांदळवनं, सुरू होतात. माझी नोकरी हिशेब तपासण्यात गेली. दुसऱ्याने केलेल्या बेरजा पुन्हा करून बघायच्या, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. या सगळ्या प्रकरणात मी पडले ती त्या सवयीमुळे. निसर्गप्रेम वगैरे नंतर आलं, आणि अजूनही मला दहा पक्ष्यांची नावं धड सांगता येत नाहीत.

रस्ता सुमारे सव्वीस किलोमीटरचा. मुंबई महापालिकेने तो तुकड्यांत वाटला आहे. वर्सोवा ते गोरेगावचं बांगूर नगर, तिथून मालाडचं माइंडस्पेस, माइंडस्पेसपासून चारकोपपर्यंत जुळे बोगदे, चारकोप ते गोराई आणि गोराई ते दहिसर. म्हणजे मालाडच्या पोटातून आलेली गाडी आमच्याकडे जमिनीबाहेर येणार आणि तिथून पुढे खाडी आणि कांदळवनातून खांबांवर चढून जाणार. मालाडकरांच्या वाट्याला बोगदा आला, आम्हाला त्याचं तोंड.

रेघ नेमकी कुठून जाते हे पहिल्यांदा पाहिलं ते संगणकावर. वनजमीन दुसऱ्या कामासाठी वळवायची तर प्रस्ताव केंद्राच्या 'परिवेश' संकेतस्थळावर चढवावा लागतो आणि त्यासोबत जागेची केएमएल फाइल जोडावी लागते. ती उतरवून गूगल अर्थमध्ये उघडली की उपग्रहाच्या छायाचित्रावर प्रकल्पाची हद्द रंगीत पट्ट्यासारखी उमटते. हे मला कुणी शिकवलं? समोरच्या घरातल्या, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने. वर्तमानपत्रातल्या ढोबळ नकाशांवर वाद घालणाऱ्या कुणालाही मी आधी ही फाइल उघडायला सांगते. निम्मे वाद तिथेच निकालात निघतात.

एका रविवारी आम्ही चौकात टेबल मांडून लॅपटॉप ठेवला आणि आजूबाजूच्या सोसायट्यांना निरोप धाडले. गर्दी चांगली झाली. प्रत्येक जण पुढे येऊन आधी आपलं छप्पर शोधायचा. पोरीने पडदा मोठा करून दाखवायचा, "काका, हे तुमचं. पट्टा इथून जातोय." पट्टा छपरावर नाही हे पाहिलं की काका हसून बाजूला व्हायचे. अर्ध्या तासात निम्मा चौक रिकामा झाला. उरलेल्यांतल्या एक वहिनी म्हणाल्या, "घर नाही जात ते ठीक आहे, पण हे हिरवं सगळं पाण्याखाली असतं ना भरतीला? मग तिथं काम करणार कसं?" तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. मीसुद्धा फक्त वहीत टिपून ठेवलं.

कांदळवन तोडायला थेट उच्च न्यायालयात का जावं लागतं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. ऑक्टोबर २००५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनं तोडायला आणि त्यांच्या आसपास भराव टाकायला बंदी घालणारा अंतरिम आदेश दिला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवरचा तो आदेश. त्यातूनच सरकारी जमिनीवरची कांदळवनं राखीव किंवा संरक्षित वन म्हणून नोंदली जाऊ लागली आणि २०१२मध्ये वन खात्यात वेगळा कांदळवन कक्ष निघाला. सप्टेंबर २०१८मध्ये अंतिम निकाल आला. कांदळवनाचा नाश म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, इतक्या स्पष्ट शब्दांत. भोवतीच्या पन्नास मीटरच्या पट्ट्यातही बांधकाम नको. फक्त एक दार उघडं ठेवलं. प्रकल्प खरोखर सार्वजनिक हिताचा असेल तर न्यायालयाला ते पटवून द्या आणि परवानगी घ्या.

त्या दारातून आजवर कोण कोण गेलं ते मी वाचत बसले. बुलेट ट्रेनचं उदाहरण सगळ्यांत बोलकं. आधी त्रेपन्न हजारांच्या वर झाडं तोडावी लागतील असं म्हटलं गेलं, मग आराखडा बदलून संख्या सुमारे बावीस हजारांवर आली, आणि डिसेंबर २०२२मध्ये परवानगी मिळाली. पहिला आकडा मुद्दाम फुगवलेला होता असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण अंदाजपत्रकात कपातीसाठी जागा सोडून ठेवायची रीत मी नोकरीत पुष्कळ पाहिली आहे. कापणाऱ्यालाही काहीतरी कापल्याचं समाधान मिळतं.

लोक मला विचारायचे, जनसुनावणी कधी आहे? कारखान्यांची सुनावणी टीव्हीवर पाहिलेली, मंडप, माइक, जिल्हाधिकारी, आरडाओरडा. तसं आपल्याकडेही होईल आणि आपण मुठी आवळून बोलू, असं चित्र डोक्यात. प्रत्यक्षात २००६च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेप्रमाणे जाहीर सुनावणी प्रत्येक प्रकल्पाला लागत नाही. कोणता रस्ता त्या यादीत बसतो आणि कोणता नाही यावरच वकिलांची घरं चालतात. दक्षिण मुंबईतल्या सागरी मार्गाचं असंच झालं. जुलै २०१९मध्ये उच्च न्यायालयाने त्याची सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, मंजुरी रद्द केली, पर्यावरणीय मंजुरीही घ्यायला हवी होती म्हणून. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुन्हा सुरू झालं आणि मार्च २०२४मध्ये पहिल्या टप्प्यावरून गाड्या धावू लागल्या. खटला संपायच्या आत रस्ता होतो, हा धडा आमच्या सोसायटीतल्या सर्वांत भोळ्या माणसालाही समजला.

मंडप नाही म्हटल्यावर सह्या. भाजीबाजाराच्या तोंडाशी उभं राहून आम्ही सह्या घेतल्या. माझ्या मते या सगळ्यातलं सर्वांत शिकवणारं काम तेच, कारण तिथे आपल्याशी सहमत नसलेली माणसं भेटतात. अंधेरीला स्कूटरवरून जाणारा एक मुलगा भडकला. "ताई, लिंक रोडवर माझं अर्धं आयुष्य चाललंय आणि तुम्ही झाडं मोजताय." त्याचा राग खरा होता. मी त्याला विचारलं, दक्षिणेकडच्या सागरी मार्गावर दुचाकी चालते का? तो थबकला. तिथे दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे. इथे काय नियम होईल तो होईल, पण ज्या रस्त्यासाठी तो माझ्याशी भांडत होता त्याच्यावरून त्याची स्कूटर जाईलच अशी खात्री मला तरी कुणी दिलेली नाही. सही त्याने केली नाही. कागदाचा फोटो मात्र काढून घेतला.

दुसरे एक गृहस्थ म्हणाले, तुमचं चारकोपही दलदलीत भराव घालूनच उभं राहिलंय, आता कशाला सोवळं? या प्रश्नावर आमच्यातले काही चिडतात. मला तो रास्त वाटतो. आपण भरावावर राहतो म्हणूनच पुढचा भराव कुठे पडतोय याची चौकशी करायचा हक्क आपल्याला जास्त आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, पोयसर नदीकाठच्या वस्त्यांत पाणी भरलं, तेव्हा इथे राहणाऱ्यांना कुणी पर्यावरण शिकवायची गरज नाही.

मेट्रोचाही मुद्दा निघायचा. लिंक रोडवरून मेट्रो २ए धावते, जानेवारी २०२३पासून दहिसरहून थेट अंधेरी पश्चिमेपर्यंत. तिच्या बांधकामात आम्ही वर्षानुवर्षं धूळ खाल्ली आणि कुणी फारशी कुरकुर केली नाही, कारण त्यातून बिनमोटारीचा माणूसही जाणार होता. हे मी बाजारात पुन्हा पुन्हा सांगितलं. पटायचं सगळ्यांना, सह्या निम्मेच करायचे.

खाडीत मी कधी उतरले नव्हते. इतकी वर्षं तिवरांच्या काठाला राहून आत पाऊल टाकलं नव्हतं. गोराई-मनोरीकडे नात्यागोत्यातली माणसं असलेले एक कोळी काका ओळखीचे झाले. त्यांनी ओहोटी बघून वेळ दिली. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून मी, ती इंजिनिअरिंगवाली मुलगी आणि वहिनी त्यांच्यामागे निघालो. चिखलातून वर आलेली मुळं पायाखाली टोचतात, ती झाडाची श्वास घ्यायची सोय. त्यांच्यावर गाळाचा किंवा डेब्रिजचा थर बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. बारीक निवटे मासे चिखलावरून उड्या मारत होते. काकांनी एका बिळात काठी घालून चिंबोरी दाखवली आणि परत जाऊ दिली, "लहान हाय." मीही बाजारात इतकी वर्षं चिंबोरी घासाघीस करून घेते, ती येते कुठून हे साठी ओलांडल्यावर पाहिलं.

माझ्या हातात झाडांच्या संख्येचे कागद होते. काका झाडांकडे बघतच नव्हते. ते पानं दाखवत होते. तिवरांच्या खालच्या पानांवर वाळलेल्या गाळाचा राखाडी थर असतो आणि एका ठरावीक उंचीला तो संपतो, वरची पानं स्वच्छ. उधाणाची भरती तिथवर चढते, ते म्हणाले. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि मधल्या दिवसांतला भांग, दोन्हीच्या खुणा त्यांना झाडावर वाचता येतात. खाडीच्या कुठल्या फाट्यातून पाणी आधी शिरतं, कुठल्या फाट्याचं तोंड भराव पडून चिंचोळं झालंय, कुठे पूर्वी बोई आणि कोळंबी मिळायची आणि आता प्लास्टिक मिळतं, हे ते चालता चालता सांगत होते. मी विचारलं, पूल खांबांवर आहे, खालून पाणी जाईल असं सांगतात. ते थांबले. "पूल झाल्यावर जाईल, ते मलापण दिसतंय. पूल होईस्तवर कुठं जाईल?"

वहिनींनी चौकात विचारलेला प्रश्न तो हाच.

खांब ठोकायचे तर चिखलात क्रेन उभी राहायला हवी. क्रेनसाठी भराव टाकून तात्पुरता रस्ता किंवा मचाण करावं लागतं. तो रस्ता फाट्यांना आडवा पडला तर पलीकडच्या तिवरांना रोजचं पाणी मिळणार नाही, आणि पावसात वस्तीकडून येणारं पाणी खाडीत उतरणार नाही. असं काम वर्षानुवर्षं चालतं. "तात्पुरतं" हा शब्द आराखड्यात फार सहज लिहिला जातो.

इथे मला प्रकल्पाचे आकडे नव्याने दिसले. पालिकेने मांडलेली एकूण बाधित कांदळवनं ४५,६७५. त्यातली कायमची जाणारी सुमारे नऊ हजार. उरलेली छत्तीस हजारांच्या वर झाडं कामाच्या सोयीसाठी तोडायची आणि काम झाल्यावर तिथेच पुन्हा वाढवायची. बातम्यांत सगळा वाद पंचेचाळीस हजारांवर झाला, पालिकेचा बचाव नऊ हजारांवर. माझ्या नजरेने खरी ओळ मधली आहे, ती छत्तीस हजारांची. तिवर परत येतं ते भरती-ओहोटीचं पाणी पूर्वीसारखं खेळू लागलं तर. गाळ दाबून घट्ट झाला, फाट्याची पातळी बदलली तर रोप लावणाऱ्याने कितीही सेल्फी काढले तरी ते परत येत नाही. त्या ओळीसमोर पाण्याच्या पातळीचा कागद जोडलेला असायला हवा होता. मी तो शोधत राहिले.

भरपाईचा आकडा १,३७,०२५ रोपं. मी ४५,६७५ला तीनने गुणलं. बरोबर तेवढंच, एक रोप इकडे नाही की तिकडे नाही. २०१९च्या सीआरझेड अधिसूचनेत किमान तिप्पट लागवड सांगितली आहे, म्हणून तिप्पट. किमान म्हटलं की आपल्याकडे ते कमाल होतं, हे कोणत्याही कार्यालयात काम केलेल्या माणसाला सांगायला नको. ही लागवड भाईंदरच्या बाजूला. वनजमीन वळवल्याबद्दलचं वेगळं वनीकरण चंद्रपूर जिल्ह्यात, सुमारे १०३ हेक्टरवर. चंद्रपूरवर समाजमाध्यमांत भरपूर विनोद झाले, तिथे कोळंबी पिकवणार का वगैरे. विनोद चांगले होते, पण ते वनीकरण वन कायद्याखालचं आहे, तिवरांच्या बदल्यात तिवरं लावायचा हिशेब निराळा. विरोध करणाऱ्यांनी ही दोन खाती एकत्र केली की समोरचा अधिकारी एका वाक्यात आपल्याला गप्प करतो. मी त्यावर आमच्याच गटात भांडले. थट्टेला माझी हरकत नव्हती, चुकीच्या बेरजेला होती.

मग माहिती अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, उत्तराला तीस दिवस. आम्ही भाषणबाजी टाळून तीनच गोष्टी मागितल्या. चारकोप ते गोराई तुकड्यात बांधकामाच्या काळात कोणते फाटे आणि नाले अडवले जातील, त्या काळात पाणी जायला कोणती सोय असेल, आणि ती सोय किती उंचीच्या भरतीसाठी आखली आहे. एका कार्यालयाने अर्ज दुसऱ्याकडे पाठवला. दुसऱ्याने कळवलं की माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. कुठल्या पानावर ते नाही. पहिलं अपील केलं. सुनावणीला गेलो तेव्हा अधिकारी सौजन्याने वागले, चहा दिला, आणि सविस्तर आराखडा सल्लागाराच्या हातात आहे, झाला की मिळेल असं म्हणाले. मी विचारलं, आराखडा अजून व्हायचा आहे तर "तात्पुरती बाधित" झाडांचा आकडा एककापर्यंत कसा निघाला? ते हसले. "मॅडम, तुम्ही ऑडिटला होता का?" मी हो म्हटलं. तिथेच थांबलं.

आमच्याच सोसायटीत जलनिःसारणात नोकरी करून निवृत्त झालेले एक इंजिनिअर आहेत. सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते पहिल्या दिवसापासून रस्त्याच्या बाजूचे, आणि अजूनही आहेत. "मुंबईला उत्तर-दक्षिण तिसरा रस्ता हवाच," हे ते दर बैठकीत म्हणतात, आणि लोक त्यांना बोलू देत नाहीत. मी मुद्दाम त्यांच्या घरी गेले आणि अपिलाचे कागद दाखवले. चष्मा लावून वाचले त्यांनी. मग एक तास शिकवणी घेतली. शहराच्या नाल्यांची जुनी क्षमता ताशी पंचवीस मिलिमीटर पावसाची. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ती पन्नास करायला सांगितली. २००५च्या पुरानंतर माधवराव चितळे समितीने पुन्हा सगळं उकरून मांडलं. आणि नाला कितीही रुंद करा, साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला की पाणी बाहेर पडायला दार उरत नाही, खाडीच उलटी येते. म्हणून तर पालिका दर पावसाळ्याआधी अशा भरतीच्या दिवसांची यादी काढते. "आणि अशा दिवशी त्या नाल्याच्या तोंडाशी क्रेनचा भराव असेल तर?" मी विचारलं. भाऊ म्हणाले, "पाइप टाकतात भरावाखाली. पण किती व्यासाचे आणि किती, ते बघायला हवं. तुमचा प्रश्न बरोबर आहे. झाडांचं मात्र तुमचं रडगाणं मला पटत नाही."

मला एवढं पुरेसं होतं. वरळीच्या कोळ्यांनी दक्षिणेकडच्या मार्गावर जे मिळवलं तेही असंच मिळालं. होड्यांच्या वाटेवर खांबांमधलं अंतर साठ मीटर ठेवलं होतं. कोळ्यांनी अडून, काम थांबवून, जास्त मागून अखेर एकशेवीस मीटर करून घेतलं. पुलाला विरोध केला म्हणून त्यांची थट्टा झाली, आणि सुधारणा मात्र त्यांच्या अडण्यामुळेच झाली. ते मीटरमध्ये बोलले. आम्ही तोवर "झाडे लावा झाडे जगवा" छापाचे फलक रंगवत होतो. फलक वाईट नव्हते. पोरांनी मन लावून केले होते. पण फलकाला उत्तर द्यावं लागत नाही, आणि "इतक्या व्यासाचे किती पाइप?" याला कधीतरी द्यावंच लागतं.

आमच्या पुढच्या निवेदनातून मी विशेषणं काढून टाकली. गटातले तरुण नाराज झाले. त्यांना वाटलं मी रस्ता मान्यच केला. तसं नाही. हा रस्ता होऊ नये असंच माझं मत आहे. मोटारी असलेल्या थोड्यांसाठी सगळ्यांच्या पाण्याची वाट बांधून काढायची हा मला वाईट व्यवहार वाटतो, आणि एका मार्गावरची गर्दी दुसऱ्या टोकाला नेऊन सोडली की ती तिथे जिरते असं मुंबईत तरी मी पाहिलेलं नाही. पण मत एका कागदावर आणि प्रश्न दुसऱ्या कागदावर असावा. एकत्र केले की वाचणारा मतालाच उत्तर देतो.

ऑगस्ट २०२५मध्ये वनजमिनीसाठी केंद्राची तत्त्वतः मंजुरी आली. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने ४५,६७५ कांदळवनांच्या तोडीला परवानगी दिली. बातमी मोबाइलवर आली तेव्हा मी बँकेत रांगेत होते. संध्याकाळी चौकात जमलो. काहींना रडू आलं, काहींनी मला विचारलं की आता काय उपयोग. सर्वोच्च न्यायालयात जायचं का यावर बोलणं झालं. त्याला पैसा लागतो, वकील लागतो आणि ज्यांच्याकडे दोन्ही आहे अशा संस्थांनी काय करायचं ते त्यांनी ठरवावं, असं आमचं ठरलं. आम्ही माणसांची साखळी केली, फलक धरले, फोटो छापून आले. त्या दिवशी सह्यांच्या वेळचा तो स्कूटरवाला मुलगा दिसला. साखळीत नव्हता, पलीकडच्या टपरीवर चहा पीत बघत होता. हात केला मला.

आदेशाच्या बातमीत एक ओळ होती ती फारशी कुणी उचलली नाही. न्यायालयाने प्रकरण बंद केलं नाही. भरपाईच्या लागवडीचा अहवाल पालिकेने दरवर्षी द्यायचा, पुढची दहा वर्षं. बाकीच्यांना ही सांत्वनाची ओळ वाटली. मला ती वार्षिक लेखापरीक्षणासारखी दिसली. जिथे दरवर्षी अहवाल आहे तिथे दरवर्षी तो तपासायची सोयही आहे. फक्त तपासणाऱ्याकडे स्वतःची नोंद हवी, नाहीतर समोरचा देईल तेच आकडे खरे.

म्हणून सध्या आमचं काम असं चाललंय. काकांनी दाखवलेल्या फाट्यांवर काही जागा ठरवल्या आहेत. मोठ्या उधाणाच्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच दिशेला तोंड करून फोटो काढायचा, तारीख-वेळ आणि पालिकेच्या यादीतली भरतीची उंची वहीत लिहायची. पानांवरचा गाळ जमिनीपासून किती उंचीवर संपतो ते टेपने मोजायचं. काम सुरू झाल्यावर हीच मापं पुन्हा घ्यायची. इंजिनिअरिंगवाल्या मुलीने त्याचा तक्ता बनवला आहे, वहिनी फोटो काढतात. त्या बैठकांना आता भाऊही येतात. रस्ता व्हायलाच हवा, हे आधी एकदा म्हणून घेतात, मग टेप हातात घेऊन आमच्या चुका काढतात. मागच्या वेळी त्यांनी आमची अख्खी वही नाकारली. जमीन स्वतःच खालीवर आहे, तिच्यापासून मोजलेल्या उंचीला अर्थ नाही, आधी एक पक्की खूण धरा म्हणाले. नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर त्यांनी स्वतः ऑइलपेंटने रेघ मारली. सगळी मापं आता त्या रेघेपासून घेतो.

पाइपांच्या व्यासाचा प्रश्न नव्या अर्जात पहिल्या क्रमांकावर घातला आहे. मसुदा भाऊंनी तपासला आणि "प्रत्येक फाट्यासाठी स्वतंत्रपणे" हे शब्द आपल्या हाताने त्यात घातले. उत्तराची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नाही आलं तर अपिलाचा कागद तयार आहे.